निळ्या गाडीचे दोन पावसाळे

लिहिण्याआधी माफी मागतो. या पुरवणीत ज्यांच्या आठवणी छापून येतात ती माणसं मोठी असतात. कुणी शाळा काढलेली असते, कुणी आयुष्यभर गाणं केलेलं असतं. माझे मोरूमामा यांतले काहीच नव्हते. पालघरजवळच्या समुद्रकाठच्या दांडी गावचे मच्छीमार होते, पुढे तर मच्छीमारही राहिले नाहीत. आणि मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. प्रयोगवहीपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "जसं सांगतोस तसंच लिही," म्हणून धीर करतोय. तसा या पुरवणीचा आणि मामांचा अगदीच संबंध नव्हता असंही नाही. त्यांच्या अंगणात आम्ही गाडीला स्प्रेने रंग मारला तेव्हा काचांवर शिंतोडे उडू नयेत म्हणून वर्तमानपत्रं चिकटवली होती, आणि मामा त्यासाठी रद्दीतून नेमक्या रविवारच्या पुरवण्या शोधून काढायचे. "हिचा कागद बरा हाय," म्हणायचे. आज ते असते तर या पानाचं त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते गणपतीत. मी बोईसरहून दांडीला पोचलो तेव्हा पावसाने जरा उघडीप दिली होती आणि मामा गाडीच्या बॉनेटवरून हाताची उलटी बाजू फिरवत होते. जाळी ओढून ओढून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते, त्यामुळे रंगातला बारीक उंचसखलपणा त्यांना बोटांच्या पाठीनेच कळायचा. मी म्हटलं, "मामा, एक पण फोड नाय. मान की आता, जमला रंग." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दुसरा पावसाळा संपला नाय अजून. दसऱ्याला बोलू." मग मामीने आरतीला हाक मारली आणि आम्ही आत गेलो... दसऱ्याला बोलायचं राहून गेलं.

ही दोन पावसाळ्यांची अट काय होती, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मामांची होडी निळी होती. दांडीत होड्या पुष्कळ, पण किनाऱ्यावर उभं राहिलेलं कोणीही लांबून येणारी मामांची होडी ओळखायचं. दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी ते स्वतः ब्रश घेऊन तिला रंगवायचे आणि वर्षभर त्या निळ्यावर ओरखडा राहू द्यायचे नाहीत. तिचं नाव 'चंद्रकोर'. नव्या होडीवर लगेच नाव घालायचं नाही, ती समुद्रात जाऊन आतून कोरडी परत आली की मगच घालायचं, असा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता होता. "आधी टिकून दाखवायचं, मग नाव सांगायचं," असं मामा म्हणायचे. पुढे त्यांना छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी समुद्रावर जायचं बंद केलं. होडी मुरबे गावातल्या एकाला विकली आणि मामा ओट्यावर बसू लागले. ओट्यावर बसलेल्या माणसाशी लोक सुरुवातीला थांबून बोलतात, मग चालता चालता बोलतात, मग नुसती मान हलवतात. मामांना ते कळत होतं. संध्याकाळी होड्या परत यायच्या वेळेला आत जाऊन झोपायचे.

गाडी आली ती मामीमुळे. जसूमामी वीजकेंद्राच्या वसाहतीत मासळी द्यायला जायची. तिथले एक साहेब निवृत्त होऊन घाटावर आपल्या गावी निघाले होते आणि त्यांची छोटी जुनी पांढरी गाडी कोणी घ्यायला तयार नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं, पण खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला होता. दारांच्या खालच्या कडा गंजाने जाळीसारख्या झालेल्या, टपावरच्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. मामा तरुणपणी बर्फाचा टेम्पो चालवायचे, त्यामुळे लायसन होतं. ते गाडी घेऊन आले तेव्हा समोरच्या घरातले बाळूनाना ओट्यावरूनच म्हणाले, "मोरू, होडी दिलीस नि डबा घेतलास काय?" मामा हसले. पण दुसऱ्याच दिवशी मला घेऊन बोईसरला गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराच्या कडेला बोट लावलं, बोट आत गेलं. "चाचा, इसको कलर नहीं, आराम चाहिए. कबाड में दे दो," तो म्हणाला. परत येताना मामा म्हणाले, "तीस वर्सं मी खाऱ्या पाण्यात रंग टिकवला. हा मला सांगतो कबाड." आणि थोड्या वेळाने, "बाबू, तुझी बारावीची परीक्षा झाली ना? सुट्टीला दांडीला ये."

निळा तोच हवा, यावर ते अडून बसले. रंगाच्या दुकानात शेडचं कार्ड दाखवलं, त्यातला एकही निळा त्यांना पटेना. शेवटी आम्ही मुरब्याला जाऊन होडीच बघायचं ठरवलं. नव्या मालकाने तिला हिरवी केली होती. मामांनी वाकून, जिथे दोर घासून घासून हिरवा उडाला होता तिथे नखाने खरवडलं. खाली निळा होता. "हाय की," म्हणाले, जणू कोणी ओळखीचं भेटलं. मालकाला विचारून त्यांनी तो टवका रुमालात बांधून आणला आणि दुकानदाराने त्यावरून रंग जुळवला.

स्प्रेचं मशीन आम्ही दोघांनीही कधी हातात धरलं नव्हतं. छोटा कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडून भाड्याने आणला. बाकीचं शिक्षण मोबाइलवर. व्हिडिओतला माणूस हिंदीतून सांगायचा, हात हलका ठेवा, गन पत्र्याजवळ नेऊ नका, आणि मामा मोबाइललाच उत्तर द्यायचे, "हां, कळलं, पुढे बोल." पण लगेच गाडीला हात लावायची त्यांची तयारी नव्हती. धुण्याची नीळ पाण्यात कालवून ती गनमध्ये भरली आणि मागच्या कुंपणाच्या भिंतीवर सराव सुरू केला. ती भिंत आजही तशीच आहे. डाव्या टोकाला नुसते ओघळ, कोणीतरी रडल्यासारखे. मग पट्टे, मधे मधे सुटलेले. आणि उजव्या टोकाला, पेरूच्या झाडाजवळ, एकसारखा फिका निळा. हात कुठे वळला तेसुद्धा कळत नाही. ती भिंत डावीकडून उजवीकडे चालत बघितली की माझे मामा कसे शिकले ते दिसतं. त्या दिवाळीत बाळूनाना म्हणाले, "चुना मार की तिला." मामी म्हणाली, "तुमचा चुना तुमच्या भिंतीला."

अंगणात बोंबील वाळवायच्या वलांडी होत्या, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांच्या रांगा. त्यांतल्या एकीचे बांबू घेऊन, वर ताडपत्री आणि बाजूला जुनी जाळी व चादरी बांधून मामांनी गाडीसाठी मांडव केला. मामी चिडली होती. मांडवापासून लांब ठेवलेल्या बोंबलांनाही थिनरचा वास लागला आणि ते मांजरानेही तोंडात धरले नाहीत. मी केमिस्ट्रीच्या पुस्तकाची भीती घालून मामांना मास्क लावायला लावला, तो लावून ते काय बोलायचे ते कोणालाच कळायचं नाही, आणि मामी म्हणायची, "हा एक फायदा झाला." गंज घासणं, खड्ड्यांत पुट्टी भरणं, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने सगळं गुळगुळीत करणं, धुणं, मग प्रायमर, मग रंग. अंगणातच विहीर, पाण्याला तोटा नाही. बादल्यांवर बादल्या उपसून आम्ही घासलं आणि धुतलं. रंग झाला तेव्हा काचांवरचे कागद मामांनी स्वतः एकेक करून काढले. गाडी इतकी निळी दिसत होती की बाळूनानासुद्धा चहा अर्धा टाकून उठून आले. गाडीभोवती दोनदा फिरले.

जूनमध्ये माझं पालघरला बी.एस्सी.ला ॲडमिशन झालं. आई-वडील दोघांनीही कॉलेज आतून बघितलेलं नव्हतं. वडील बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला. त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. मामा निळी गाडी घेऊन आमच्या चाळीत आले आणि मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं. मी मागे वळून बघितलं तर ते गाडीला टेकून उभे होते, होडीला टेकायचे तसे.

गणपती येईपर्यंत गाडीला फोड आले. आधी टपावर, मग बॉनेटवर, मग दारांवर. मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे. दांडीत ही बातमी माझ्याआधी सगळ्यांना कळली. "मोरू, गोवर हाय का कांजण्या?" बाळूनाना विचारायचे. "कडुनिंबाचा पाला बांध." पोरं गाडीजवळून जाताना अंग खाजवत जायची. मला वाटलं मामा भडकतील. पण ते रोज सकाळी गाडीजवळ जाऊन नुसते बघत उभे राहायचे, आणि हे मामीला जास्त लागायचं. एका रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी टाचणीने एक फोड फोडला. आतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला. आम्ही दोघेही बघत राहिलो. वरून रंग अखंड, मग आत पाणी गेलं कुठून? मामांनी तो थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. मग बोट माझ्यापुढे केलं. "चाख."

खारट होतं.

मामी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पावसाचं पाणी कुठे खारं असतं?" तिघांनीही एकदमच विहिरीकडे बघितलं. दांडीच्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्याने आम्ही भांडी घासतो, अंगण धुतो, कोणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. आम्ही पत्रा धुतला, तो वाळला, आणि डोळ्यांना न दिसणारं मीठ पत्र्यावरच राहिलं. त्यावर आम्ही रंग मारला. पावसाची ओल रंगातून हळूहळू खाली झिरपली, मिठाने ती धरून ठेवली, आणि फोड वर आले. हे मी नंतर पुस्तकात बघून पक्कं केलं, पण कळलं होतं ते त्या थेंबावरूनच. मामा पहिल्यांदा मोठ्याने हसले. "आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलं," म्हणाले, "नि गाडीला तेच पाजलं."

सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडून पुन्हा करायचा, हे त्यांनी तिथेच ठरवलं. मी विचारलं, "आणि परत आला फोड तर?" ते म्हणाले, "तर गाडी कबाडात, नि मी ओट्यावर. पण दोन पावसाळे टिकला, तर तिच्यावर नाव घालीन. 'चंद्रकोर'. त्याआधी कोणी बरा म्हणायचं नाय नि कोणी वाईट म्हणायचं नाय." बाळूनाना समोरच होते. "मी तर म्हणणार," ते म्हणाले. "तू म्हण," मामा म्हणाले, "तुला कोण धरणार."

अडचण गोड्या पाण्याची होती. नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही पिण्यापुरतं. गाडी धुवायला प्यायचं पाणी मागायचं तोंड मामांना नव्हतं. ते मामीला होतं. तिने काय केलं ते मी पाहिलं आहे. तिच्याबरोबर बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना तिने ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, "एकेक कळशी द्या. गाडी झाली की एकेकीला बोईसरच्या दवाखान्यात, नाय तर लेकीकडे, हे सोडतील." एकीने विचारलं, "नि पाटी?" मामी म्हणाली, "पाटी नाय. बाई चालेल, मासळी नाय." सगळ्या हसल्या. सगळ्यांनी दिलं असं नाही. दोघी-तिघी म्हणाल्या की घरात लहान पोरं आहेत, जमणार नाही. पण दिवाळीनंतर, नळाच्या दिवशी सकाळी, अंगणात कळश्या यायला लागल्या. बाळूनानांच्या घरूनही एक आली. आणायला स्वतः बाळूनाना आले होते. "बायकोने दिली," म्हणाले, "माझा काय संबंध नाय."

दुसऱ्या वेळेचा रंग मी कधी विसरणार नाही. पाणी जपून वापरायचं म्हणून मामांनी फडकं भिजवून, पिळून, हातभर जागा पुसायची आणि कोरडी करायची, असं पूर्ण गाडीला केलं. प्रत्येक जागा झाली की जीभ लावून बघायचे. मामी म्हणाली, "चाटा आता गाडी, जेवायला वाढणार नाय." आणि एक गोष्ट त्यांनी यावेळी कोणत्याही व्हिडिओला विचारली नाही. थंडीत सकाळी किनाऱ्यावर दव असतं, आणि ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो, तो वाळू आणि मीठ घेऊन येतो. दव उडालं आहे आणि वारा अजून सुटलेला नाही, एवढ्याच फटीत ते रंग मारायचे. गन हातात धरून आधी समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे, गालाला हवा लागते का बघायचे. मग म्हणायचे, "चल." एक बाजू पूर्ण होईपर्यंत मनगट वळायचं नाही, ते स्वतःच पायांनी सरकत जायचे. मी कॉम्प्रेसरची नळी हातात घेऊन मागून चालायचो आणि आम्ही दोघं श्वाससुद्धा जपून घ्यायचो. अचानक मांडवाची चादर हलली की ते मध्येच थांबायचे. "झालं आजचं." असं करत करत गाडी झाली. पहिल्यापेक्षा निळा जास्त खोल दिसत होता, की मलाच तसं वाटत होतं, सांगता येणार नाही.

त्यानंतर एका साध्या दिवशी, कॉलेजात काही खास नसताना, ते पुन्हा आमच्या चाळीत आले. "चल, कॉलेजला सोडतो." मी म्हटलं, "मामा, मी एसटीने जातो की रोज." ते म्हणाले, "जूनमध्ये सोडला तो सोडला नाय म्हणायचं. तो रंग खोटा होता." पालघरला फाटकावरच्या वॉचमनने विचारलं, "नवीन ॲडमिशन का?" मामा म्हणाले, "नाय, पोरगा जुनाच. रंग नवीन हाय." माझ्या वर्गातली मुलं गाडी बघत उभी राहिली, आणि एकाने विचारलं की कुठल्या गॅरेजमध्ये केलं. मी सांगितलं, आम्ही घरी केलं. त्या एका वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्याच निकालाने अजून वाटलेलं नाही.

पहिला पावसाळा गेला. फोड आला नाही. घिवलीची, दांडीची पोरं मोटारसायकली घेऊन यायला लागली, "मामा, टाकीला रंग मारून दे." मामा कोणालाच हो म्हणाले नाहीत. "एक झाला," म्हणायचे. "अजून एक हाय." पण ओट्यावर बसणं बंद झालं होतं. कळशी दिलेल्या बायकांना दवाखान्यात, लेकीच्या घरी, कधी बँकेत नेऊन सोडायचे, आणि ज्यांनी दिली नव्हती त्यांनाही. संध्याकाळी होड्या परत यायच्या वेळेला ते किनाऱ्यावर गाडी लावून उभे असायचे. कोणीतरी लांबून हात करायचं.

गणपती गेल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी गाडी पुसून ते ओट्यावर टेकले. मामी चहा घेऊन आली तेव्हा ते गेले होते. मी प्रयोगशाळेत होतो, वडिलांचा फोन आला... त्या दिवसाविषयी एवढंच लिहितो.

दुःखात मामीने एक गोष्ट केली जी मला तेव्हा समजली नाही. पाऊस अजून पडत होता आणि गाडी अंगणात उघडी होती. बाळूनाना ताडपत्री घेऊन आले. डोळे सुजलेले होते त्यांचे. "झाकतो गं," म्हणाले, "मालक गेला तिचा." मामीने ताडपत्री घेऊन त्यांच्याच हातात परत दिली. "नको. झाकली तर कळायचं कसं?" गाडी उभी राहिली पावसात. दसऱ्याला दांडीतल्या साऱ्या गाड्यांना झेंडूचे हार पडले. आमच्याकडे सुतक नसलं तरी वर्ष दुःखाचं, हार घातला नाही. त्यानंतरही एकदोनदा जोराच्या सरी आल्या. मी विचारायला धजलो नाही. विचारलं आणि वाईट ऐकायला मिळालं तर, असं वाटायचं. त्यांचा शब्द त्यांच्यामागे खरा निघेल की नाही, याची रोज भीती वाटायची.

परवा मामीचा फोन आला. कसा आहेस, जेवलास का, असं काही नाही. म्हणाली, "बाबू, सफेद रंगाचा डबा उघडलाय. ब्रश भिजत घातलाय. रविवारी ये, तुझं अक्षर चांगलं हाय असं ते म्हणायचे."

मी म्हटलं, "मामी, म्हणजे..."

"काल गोड्या पाण्याने पुसून बघितली सगळी. स्टूल घेऊन टपावर पण हात फिरवला, हाताची पाठ, ते फिरवायचे तशी." मग म्हणाली, "एक पण फोड नाय."